जुन्या डेस्कटॉपवर व्हिडिओ अडखळतो तेव्हा आधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २०१० च्या सुमारास घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, मूळचीच हार्ड डिस्क, १८.५ इंची मॉनिटर आणि मागाहून टाकलेले विंडोज १० आहे. फायबरचे १०० एमबीपीएस कनेक्शन असून त्यावर मोबाईलमध्ये यूट्यूब उत्तम चालते. डेस्कटॉपवर मात्र १०८०पी व्हिडिओचा आवाज सलग येतो, चित्र थांबत थांबत पुढे सरकते आणि फुल स्क्रीन केले की आणखीच बिघडते. परदेशातल्या मुलाने पाठवलेले आयफोनचे व्हिडिओ तर एकेक फोटो बदलावा तसे दिसतात. दुकानदाराने आधी नेटचा प्लॅन वाढवायला सांगितले, मग रॅम वाढवायला, आणि आता तो नवा पीसी घ्या म्हणतो. काय करावे?

तूर्त काहीही विकत घेऊ नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांतच निदानाचा मोठा भाग आलेला आहे. आवाज सलग आहे आणि चित्रच मागे पडते, याचा अर्थ व्हिडिओचा डेटा संगणकापर्यंत वेळेवर पोहोचतो आहे. नेट अपुरे असते तर मध्येच गोल फिरणारे चक्र दिसले असते आणि चित्राबरोबर आवाजही थांबला असता. यूट्यूबच्या १०८०पी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएसचा स्थिर वेग पुरतो, तेव्हा १०० चे २०० एमबीपीएस केल्याने या त्रासात काडीचाही फरक पडणार नाही. रॅमचा सल्ला तर तुमच्या मशीनला लागूच होत नाही, कारण जी३१ चिपसेटची कमाल मर्यादाच ४ जीबी आहे आणि तेवढी रॅम तुमच्याकडे आधीच आहे.

अडचण आहे ती व्हिडिओ उलगडण्याच्या कामात, ज्याला डिकोडिंग म्हणतात. व्हिडिओच्या फाईलमध्ये प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक संपूर्ण फ्रेम असते आणि तिच्या पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढीच माहिती असते. त्यावरून पूर्ण चित्र पुन्हा उभे करायचे, तेही सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेममागे सुमारे ३३ मिलिसेकंदांत आणि ६० फ्रेमच्या व्हिडिओत १७ मिलिसेकंदांच्या आत. आवाज उलगडणे त्यामानाने अगदी हलके काम आहे, म्हणून तो वेळेवर तयार होतो आणि प्लेअर त्यालाच घड्याळ मानतो. एखादी फ्रेम ठरलेल्या वेळेत तयार झाली नाही तर प्लेअर ती टाकून देतो व पुढची धरतो. डोळ्याला जाणवणारा झटका म्हणजे ही टाकलेली फ्रेम.

आता मोबाईलवर तोच व्हिडिओ नीट का चालतो, ते पाहू. मोबाईलच्या चिपमध्ये डिकोडिंगसाठी वेगळा विभाग असतो, त्यामुळे मुख्य प्रोसेसरवर भार पडत नाही. तुमच्या मदरबोर्डवरच्या इंटेल जीएमए ३१०० ग्राफिक्समध्ये अशी सोय आहे ती डीव्हीडीच्या काळातल्या एमपेग-२ पुरती, आणि तीही अर्धवट. व्हिडिओ आवळण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ हे कोडेक २००३ मधले, व्हीपी९ हे २०१३ मधले आणि एव्ही१ हे २०१८ मधले. यांतले एकही तुमची ग्राफिक चिप उलगडू शकत नाही, म्हणून सगळा बोजा प्रोसेसरच्या दोन कोअरवर येतो. एच.२६४ त्याला बऱ्यापैकी झेपते. व्हीपी९ आणि एव्ही१ मात्र कमी डेटात तेवढेच चांगले चित्र देण्यासाठी आकडेमोड बरीच वाढवतात. यूट्यूब आजकालच्या ब्राउझरला शक्यतो हीच दोन कोडेक पाठवते, कारण त्याने त्यांचा आणि ग्राहकाचा डेटा वाचतो. तुमचा संगणक पूर्वीइतकाच वेगवान आहे, त्याच्यासमोर येणारे काम तेवढे जड झाले आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नका, स्वतः मोजून पाहा. यूट्यूबचा व्हिडिओ चालू असताना चित्रावर उजवी क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोपऱ्यात एक लहान काळी चौकट उघडते. तिच्यातल्या तीनच ओळी महत्त्वाच्या आहेत. 'कोडेक्स'च्या ओळीत 'एव्हीसी१' असेल तर व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतो आहे, 'व्हीपी०९' किंवा 'एव्ही०१' असेल तर नव्या कोडेकमध्ये. 'व्ह्यूपोर्ट / फ्रेम्स'च्या ओळीत 'ड्रॉप्ड' या शब्दाजवळ किती फ्रेम गळल्या आणि एकूण किती होत्या, हे सतत बदलताना दिसते. 'बफर हेल्थ'च्या ओळीत पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवला आहे ते कळते. बफर वीस-तीस सेकंदांचा भरलेला असेल आणि तरीही गळालेल्या फ्रेमचा आकडा भराभर वाढत असेल, तर दोष नेटचा नाही हे निर्विवाद ठरते. याउलट बफर शून्याजवळ घुटमळत असेल तर वायफाय, राउटर किंवा लॅनची वायर तपासावी लागेल. तुमच्या वर्णनावरून तसे असेलसे वाटत नाही. हे पाहताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरही उघडा. सीपीयू ९५ ते १०० टक्क्यांवर चिकटून राहिलेला दिसेल अशी माझी अपेक्षा आहे.

पहिला उपाय फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. १८.५ इंची मॉनिटर त्या काळात बहुतेक १३६६ × ७६८ पिक्सेलचे येत, म्हणजे पडद्यावर एकूण साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. १०८०पी व्हिडिओची प्रत्येक फ्रेम जवळजवळ पावणेएकवीस लाख ठिपक्यांची असते. याचा अर्थ तुमचा प्रोसेसर धापा टाकत जे चित्र तयार करतो, त्यातले निम्मे ठिपके पडद्यावर येण्याआधी टाकूनच द्यावे लागतात. अशा मॉनिटरवर ७२०पी निवडले तर डोळ्याला फरक जवळपास जाणवत नाही आणि कामाचा भार मात्र निम्म्याहून कमी होतो. व्याख्याने, गाण्याच्या शिकवण्या, बातम्या यांसाठी ४८०पी देखील पुरते. दर्जाच्या यादीत आकड्यापुढे ६० लिहिलेले असेल, उदाहरणार्थ ७२०पी६०, तर तो व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा आहे आणि काम दुप्पट आहे, हे लक्षात ठेवा. अशा वेळी ४८०पी घेतले की यूट्यूब आपोआप ३० फ्रेमवर येते.

दुसरा उपाय कोडेक बदलण्याचा. फायरफॉक्स ब्राउझर वापरत असाल तर पत्त्याच्या जागी 'अबाउट:कॉन्फिग' असे इंग्रजीत टाइप करा, येणारी सूचना वाचून पुढे जा आणि शोधपट्टीत दोन नोंदी शोधा: 'मीडिया.एव्ही१.एनेबल्ड' आणि 'मीडिया.मीडियासोर्स.वेबएम.एनेबल्ड'. दोन्ही 'फॉल्स' करा आणि यूट्यूबचे पान पुन्हा उघडा. व्हीपी९ यूट्यूबकडून वेबएम स्वरूपात येते. ते बंद झाले आणि एव्ही१ही बंद झाले की यूट्यूबला एच.२६४ पाठवण्यावाचून पर्याय राहत नाही. काळ्या चौकटीत 'एव्हीसी१' दिसू लागले की काम झाले. हाताने नोंदी बदलायच्या नसतील तर 'एनहान्स्ड एच२६४इफाय' नावाचे एक्स्टेन्शन आहे. त्यात नको ती कोडेक आणि ६० फ्रेमचे व्हिडिओ अडवण्यासाठी चौकोन दिलेले असतात. यात गमावण्यासारखे एवढेच की यूट्यूबवर १०८०पीच्या वरचे दर्जे एच.२६४ मध्ये मिळत नाहीत. तुमच्या मॉनिटरला ते तसेही निरुपयोगी आहेत. हे दोन उपाय एकत्र केले की ई७५०० वर ७२०पी सुरळीत चालायला हवे. त्या प्रोसेसरची तेवढी कुवत निश्चित आहे.

फुल स्क्रीनवर त्रास वाढतो, या तक्रारीचा धागा वेगळा आहे. स्टार्टवर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली काय लिहिले आहे ते पाहा. तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असेल तर ग्राफिक चिपचा खरा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारे सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही. मग चित्राचा आकार वाढवणे, रंगांचे रूपांतर करणे, खिडक्या रंगवणे ही सगळी कामेही प्रोसेसरलाच करावी लागतात आणि चित्र जितके मोठे तितका हा जादा भार वाढतो. जीएमए ३१०० साठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलेला नाही. त्यामुळे 'ड्रायव्हर अपडेट करून देतो' म्हणणारी जी सॉफ्टवेअर इंटरनेटवर दिसतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. ती नको ते प्रोग्राम घुसवतात आणि नसलेला ड्रायव्हर कोठूनही आणू शकत नाहीत. ब्राउझरच्या सेटिंगमधले हार्डवेअर अॅक्सिलरेशन चालू किंवा बंद केल्यानेही येथे फारसे साधणार नाही, कारण मदतीला घ्यायला तसे हार्डवेअरच नाही.

व्हिडिओ पहिली पाच-सात मिनिटे बरा चालून नंतर बिघडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर सीपीयूखाली चालू वेग दिसतो. तुमच्या प्रोसेसरचा पूर्ण वेग २.९३ गिगाहर्ट्झ आहे. तापमान पाहण्यासाठी कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर हे फुकट प्रोग्राम पुरेसे आहेत. व्हिडिओ चालू असताना आकडा सतत ८० अंशांच्या वर राहत असेल तर कॅबिनेट उघडायलाच हवे. वीज पूर्ण बंद करून, वायर काढून डाव्या बाजूचे पत्र्याचे झाकण सरकवा. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसू शकतो, कारण धूळ पंख्याच्या पात्यांखाली, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तोंडाशी नमद्यासारखी थापून बसलेली असते. ती ब्रशने सुटी करून ब्लोअरने उडवावी, आणि तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो वाऱ्याने भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होत नाही. या पिढीच्या इंटेल कूलरला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या चार काळ्या खुंट्या असतात. मशीन इकडून तिकडे हलवताना त्यांतली एखादी वर निघून येते, हीटसिंक, म्हणजे त्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा, एका बाजूने किंचित उचलला जातो आणि प्रोसेसरशी त्याचा स्पर्श नीट राहत नाही. चारही खुंट्या एकसारख्या खोल बसल्या आहेत का, हे मदरबोर्डला बोट लावून जरूर तपासा. इतक्या वर्षांत प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही वाळून कडक झाली असणार. कूलर काढलाच तर जुनी पेस्ट पूर्ण पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावावी. झाकण उघडलेच आहे तर प्रोसेसरजवळचे कपॅसिटरही पाहून घ्या. त्यांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी ओघळ आलेले असतील तर त्या मदरबोर्डवर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही.

हार्ड डिस्ककडे लोक उगाच बोट दाखवतात. १०८०पीच्या चांगल्या फाईललाही सेकंदाला एक-दीड एमबीच डेटा लागतो आणि धडधाकट जुनी डिस्क त्याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. म्हणून एसएसडी टाकल्याने संगणक पटकन सुरू होईल, प्रोग्राम पटकन उघडतील, पण गळणाऱ्या फ्रेम थांबणार नाहीत. एसएसडी घेऊच नका असे माझे म्हणणे नाही, या अपेक्षेने घेऊ नका एवढेच आहे. अपवाद खराब होत चाललेल्या डिस्कचा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने ती तपासा. 'कॉशन' असे पिवळे आले तर सर्वांत आधी घरातले फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे कॉपी करून घ्या, व्हिडिओचे नंतर पाहू. त्याच यादीत सी७ क्रमांकाची, सीआरसी एररची नोंद वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो आणि नवी केबल अगदी थोडक्या पैशांत मिळते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू मोकळा आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल तर विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचे स्कॅन मागे चालू असते. ते संपू द्यावे. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे ठेवणे मात्र या मशीनला परवडणारे नाही.

आता आयफोनच्या व्हिडिओंकडे येतो, कारण घरच्या माणसांचे व्हिडिओ नीट दिसणे हे यूट्यूबपेक्षा मोलाचे आहे. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी या कोडेकमध्ये साठवतो. ते एच.२६४ च्या पुढच्या पिढीचे आहे आणि तुमच्या प्रोसेसरला १०८०पीमध्ये झेपत नाही, मग ४के तर सोडूनच द्या. मुलाला फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग 'फॉरमॅट्स', आणि त्यात 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडायला सांगा. यापुढचे नेहमीचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील. त्याच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचा दर्जा १०८०पी आणि ३० फ्रेम ठेवला तर आणखी चांगले. आधी आलेले व्हिडिओ हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने बदलून घेता येतात. त्यात 'फास्ट ७२०पी३०' असा तयार पर्याय आहे. हे रूपांतर मात्र कोणाच्या तरी नव्या लॅपटॉपवर करावे, तुमच्या मशीनवर एका लहान व्हिडिओलाही फार वेळ लागेल. मूळ फाईल पुसू नका. आज ती तुमच्याकडे अडखळत असली तरी चित्राचा खरा दर्जा तिच्यातच आहे, पुढे नव्या संगणकावर तीच उपयोगी पडेल.

घरातल्या एच.२६४ फाईल व्हीएलसी या प्लेअरमध्ये किंचित अडखळत असतील तर टूल्समधून प्रेफरन्सेस उघडून 'इनपुट / कोडेक्स' पानावर एच.२६४ चा डीब्लॉकिंग फिल्टर वगळण्याची नोंद शोधा आणि ती 'ऑल' करा. वेगवान दृश्यांत चित्र थोडे चौकटीचौकटीचे दिसेल, पण प्रोसेसरवरचा भार लक्षणीय उतरतो. किती फ्रेम गळतात ते व्हीएलसीतही कळते: व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा आणि 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'लॉस्ट' हा आकडा पाहा. तो शून्यावर स्थिर असूनही कॅमेरा आडवा फिरताना चित्र हलके हिसके देत असेल, तर तो बिघाड नव्हे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, चित्रपटांत २४, आणि मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. २४ किंवा २५ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम पडद्यावर जास्त वेळ राहतात आणि काही कमी. तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झ देत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ते निवडा. २५ फ्रेमच्या डीव्हीडी आणि जुन्या मालिका त्यावर एकसंध दिसतात.

एवढे करूनही १०८०पी हवेच असेल, तर पैसे कोठे घालावेत? जुन्या मदरबोर्डवर ग्राफिक कार्ड बसवता येते, तेवढी जागा तिथे असते. जीटी ७१० हे स्वस्त कार्ड एच.२६४ हार्डवेअरमध्ये उलगडते, व्हीपी९ मात्र नाही, म्हणजे कोडेकची वरची युक्ती करावीच लागेल. जीटी १०३० दोन्ही उलगडते आणि एचईव्हीसीही. दोन्हींना वेगळी पॉवर केबल लागत नाही. मात्र इतक्या जुन्या बायोसवर, म्हणजे मदरबोर्ड सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, नवी कार्डे कधीकधी दाद देत नाहीत. चालले नाही तर परत घेईन, असे दुकानदाराने बिलावर लिहून दिले तरच घ्या.

माझा स्वतःचा कौल मात्र कार्डाच्या विरोधात आहे. विंडोज १० चे अधिकृत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये ज्या सूचना असाव्या लागतात त्या कोअर टू ड्युओमध्ये नाहीत. म्हणून जुन्या मशीनवर वरचे फुकटचे उपाय करावेत, बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत, आणि हवे तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई आवृत्ती टाकून पाहावी. तुमच्या ग्राफिक चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आजही आहे. पैसे घालायचेच झाले तर कार्यालयांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप बाजारात मिळतात, त्यांपैकी इंटेलच्या सातव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा घ्यावा. सातव्या पिढीपासून एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ ही तिन्ही प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच उलगडतात. विंडोज ११ ची अधिकृत यादी बहुतांशी आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणून थोडे जास्त पैसे घालून आठवी पिढी मिळत असेल तर तीच घ्या. पैसे देण्याआधी दुकानातच १०८०पी६० चा व्हिडिओ पाच मिनिटे लावा, काळी चौकट उघडून गळालेल्या फ्रेम पाहा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालचा 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतो आहे का ते बघा. 'कोडेक्स'च्या ओळीत 'एव्ही०१' नसतानाही आलेख सपाट असेल तर त्या मशीनमध्येही बहुधा ग्राफिक ड्रायव्हर बसलेला नाही. तो आधी बसवून द्यायला सांगा आणि पुन्हा तपासून मगच व्यवहार करा.